प्रमाणपत्र मिळाले, तास बदलला का?

रायगडच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या प्राध्यापकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा झाली. विषय होता ‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणारे अध्यापन’. तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्यांत आम्ही दोघे होतो. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागत आणि मान्यवरांची मनोगते होईतो साडेअकरा वाजले. मग आम्ही उभे राहिलो आणि दीड तास बोललो. नुसत्या व्याख्यानातून विद्यार्थी फारसे शिकत नाहीत, ही गोष्ट आम्ही दीड तासाचे व्याख्यान देऊन पटवली! चाळीस प्राध्यापकांनी ती वहीत उतरवून घेतली. टाळ्या झाल्या. अभिप्रायाच्या कागदावर बहुतेकांनी ‘अत्यंत प्रेरणादायी’ असे लिहिले.

त्या टाळ्यांचे पुढे काय झाले ते आम्हाला वर्षभराने कळले. दुसऱ्या कामासाठी त्याच भागात गेलो होतो. त्या चाळिसांपैकी एका प्राध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. पन्नास मिनिटांच्या तासात सुमारे पंचेचाळीस मिनिटे ते टिपणे सांगत होते आणि मुले लिहीत होती. तास संपल्यावर ते अगदी मनापासून म्हणाले, “तुमच्या कार्यशाळेनंतर माझं शिकवणं पूर्ण बदललं, सर. आता मी मुलांना मध्येमध्ये प्रश्न विचारतो.” त्या तासात त्यांनी चार वेळा एकच प्रश्न विचारला होता: “समजलं का?”

हे गृहस्थ खोटे बोलत नव्हते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आपण बदललो असे त्यांना खरोखरच वाटत होते. आणि असे वाटणारे ते एकटे नाहीत. अमेरिकेत महाविद्यालयीन जीवशास्त्राच्या अध्यापकांसाठी चालवलेल्या दोन नावाजलेल्या प्रशिक्षण योजनांचा पाठपुरावा डायान एबर्ट-मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो २०११ साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रशिक्षण घेतलेल्यांना प्रश्नावली दिली तेव्हा ८९ टक्के अध्यापकांनी लिहिले की, आपण आपल्या अध्यापनात विद्यार्थ्यांना सक्रिय करणारे बदल केले आहेत. मग त्यांच्या प्रत्यक्ष तासांचे चित्रण करून ते तपासले. ७५ टक्के अध्यापक पूर्वीसारखेच व्याख्यान देत होते. त्या योजना आपल्याकडच्या कार्यशाळांहून पुष्कळच काळजीपूर्वक आखलेल्या होत्या. अध्यापक हौसेने आलेले होते. तरीही असे झाले.

याचा एक अर्थ असा की, अभिप्रायाच्या कागदावरून प्रशिक्षणाचे मोजमाप करता येत नाही. आपल्याकडे मात्र तेच एक मोजमाप आहे.

दुसरीकडे, ज्या बदलासाठी ही सगळी खटपट चालते तो करण्यासारखा आहे की नाही, याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. केवळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या जवळ होते. जिथे विद्यार्थी तासाला चर्चा करत, प्रश्न सोडवत, अंदाज बांधून तपासत, तिथे ते २२ टक्क्यांच्या आसपास होते. पहिल्या वर्षाच्या शंभर मुलांच्या वर्गात बारा मुलांचा हा फरक आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत ही बारा मुले बहुधा घरातली पहिली पदवीधर होऊ पाहणारी असतात. त्यांचे वर्ष गेले की मुलगा कंपनीत किंवा रिसॉर्टवर कामाला लागतो, मुलीचे लग्न ठरते. प्रशिक्षण वाया जाणे ही म्हणूनच निव्वळ कागदोपत्री बाब राहत नाही.

आपल्या देशात महाविद्यालयीन अध्यापकांच्या प्रशिक्षणाची रीतसर व्यवस्था १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांत ‘ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज’ काढली. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी मूळ आखणी होती. २०१५ साली या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण योजनेखाली आली. नावे बदलली, एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून तशीच आहे. हे वर्ग पदोन्नतीच्या अटींशी जोडलेले आहेत. वरची वेतनश्रेणी हवी असेल तर वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते.

ही अट घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता. अट नसती तर कितीजण गेले असते, हा प्रश्न आहेच. पण अटीमुळे जो माणूस वर्गाला येतो त्याच्या मनात पहिला प्रश्न ‘मी काय शिकणार?’ हा नसतो. ‘हजेरी किती टक्के लागते?’ हा असतो. उद्बोधन वर्गाचे मूळ वेळापत्रक १४४ तासांचे. यांपैकी कितीतरी तास एक वक्ता बोलतो आणि बाकीचे ऐकतात. अध्यापक परत जाऊन तेच करतात, कारण त्यांना तेच दाखवलेले असते. शाळेतील शिक्षकांच्या प्रशिक्षणात वावरलेल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

आमच्या त्या कार्यशाळेत एक गोष्ट मात्र बरी घडली, आणि ती आमच्या योजनेत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पडद्यावरची चित्रे गेली, पंखे थांबले. खिडकीतून समुद्र दिसत होता. वेळ काढायचा म्हणून आम्ही विचारले, आज भरती किती वाजता? काहींनी खिशातला मोबाइल काढला. मागच्या रांगेतले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक पटकन म्हणाले, “आज षष्ठी. म्हणजे साडेचारला.”

कसे काढले, असे विचारताच त्यांनी सांगितले की, तिथीची पाऊणपट करायची. सहाची पाऊणपट साडेचार. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पहाटेची भरतीही त्याच आकड्याला. किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या घरांत हा नियम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मोबाइलवाल्यांनी वेळ ताडून पाहिली. थोड्या मिनिटांचाच फरक निघाला. मग कोणीतरी विचारले, पाऊणपटच का?

पुढचा दीड तास आम्हाला काही बोलावे लागले नाही. गणिताच्या एका प्राध्यापिकेने खडू घेतला. या किनाऱ्यावर अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण भरते. ती रोज थोडी पुढे सरकत पुढच्या अमावास्येला पुन्हा बारावर येते, म्हणजे तीस तिथींत तिने घड्याळाचे चोवीस तास ओलांडलेले असतात. चोवीस तासांची मिनिटे १४४०. भागिले तीस, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. नियम तिथीमागे तीन मिनिटांनी कमी पडतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. भरती येते बाराच्या सुमारास. मग जुन्या लोकांनी पाऊणपट का धरली? यावर एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा तर्क आम्हाला फार आवडला. ते म्हणाले, पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाऊणकी सर्वांना येत होती. चार-पंचमांशाचा पाढा कोणाला येत होता?

तेवढ्यात वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने विचारले, चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग दिवसातून दोनदा भरती का? भौतिकशास्त्राची मंडळी पुढे सरसावली, ‘केंद्रोत्सारी बल’ म्हणाली, आणि अडली. हा प्रश्न पाठ्यपुस्तकात एका वाक्यात संपतो, म्हणून तो सोपा वाटतो. चंद्राकडच्या बाजूचे पाणी चंद्राकडे पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढले जाते आणि पलीकडच्या बाजूचे पाणी मध्यापेक्षा कमी ओढले जाते. या दोन्ही फरकांमुळे पाणी दोन्ही बाजूंना ताणले जाते. इथवर येण्यासाठी त्या मंडळींना पाऊण तास वाद घालावा लागला. त्यांतल्या तिघांनी हा विषय वर्षानुवर्षे शिकवला होता.

चहाच्या वेळी ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आमच्याजवळ आले. म्हणाले, “आमच्या घरी हे सगळ्यांना येतं, सर. माझे वडील होडीवर जायचे. पण वीस वर्षांत मी हे वर्गात कधी काढलं नाही. आमच्या विषयात येत नाही ना.”

या वाक्याने आमची झोप उडवली म्हटले तरी चालेल. त्यांच्या वर्गातील निम्मी मुले कोळीवाड्यातून आलेली. त्या मुलांना भरती-ओहोटी, उधाण-भांग, वाऱ्याची दिशा, खाडीतले गोडे-खारे पाणी यांतले जे कळते ते फाटकाबाहेर ठेवून ती वर्गात येतात. शिक्षकही तेच करतात. आणि मग आम्ही मुंबई-पुण्याहून येऊन दोघांनाही ‘सहभाग’ कसा वाढवावा ते सांगतो.

त्या दुपारी जे घडले त्यात प्रेरणेचा भाग थोडा होता. प्राध्यापक स्वतः विद्यार्थ्याच्या जागी बसले होते, प्रश्नाचे उत्तर त्यांना आधी ठाऊक नव्हते आणि प्रश्न त्यांच्या खिडकीबाहेरचा होता. आमचे मत असे झाले आहे की, अध्यापकांना प्रेरणा देण्याचा उद्योगच आपण थोडा बाजूला ठेवावा. वर्गात अडकवून ठेवील असा एक प्रश्न त्यांच्या हाती द्यावा आणि तो त्यांनी स्वतः सोडवेपर्यंत थांबावे.

असे प्रश्न या किनाऱ्यावर शोधत फिरावे लागत नाहीत. अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईत ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी विजेच्या प्रवाहाने बिघडतील हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांची ही दूरदृष्टी. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला, तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड वापरला. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, म्हणजे संकट येण्याआधी तीन वर्षे तयारी झाली होती. पण मूस यांनी लगेच कुलाब्याचे काम बंद केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या.

का? पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा. नव्या जागेचे आकडे जुन्या जागेपेक्षा वेगळे येणारच. त्यांतला किती फरक जागेचा आणि किती पृथ्वीच्या चुंबकत्वात झालेल्या खऱ्या बदलाचा, हे दोन्हीकडे एकाच वेळी मोजल्याशिवाय कळणार नाही. ही दक्षता घेतल्यामुळेच कुलाब्याची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची नोंद आणि अलिबागची नोंद एकमेकींना जोडता येते. (आमच्या प्रशिक्षण वर्गांनी मूस यांच्याकडून एवढे जरी घेतले असते! प्रशिक्षणाआधीचा एक तास आणि नंतरचा एक तास कोणी शेजारी ठेवून पाहत नाही.)

जीवशास्त्राच्या मंडळींसाठी अलिबागजवळचे किहीम आहे. सलीम अली यांनी १९३० साली तिथे राहून सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर ताबा घेते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे घरटे विणायला घेतो. हा शोध लावायला प्रयोगशाळा लागली नाही. झाडाजवळ रोज बसण्याची चिकाटी लागली. सुगरणीची घरटी आजही विहिरीकाठच्या झाडांवर लोंबतात.

तरीही हे वर्गात येत नाही, याचा सगळा दोष अध्यापकांवर टाकणे अन्यायाचे होईल. सत्राच्या परीक्षा डोक्यावर असतात. परीक्षेत प्रश्न व्याख्येचा येतो, म्हणून मुले व्याख्या मागतात. भरतीचा हिशेब काढायला लावला की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी विचारतेच, “सर, हे परीक्षेला आहे का?” हार्वर्ड विद्यापीठातही हेच दिसले, हे वाचून आम्हाला धीर आला. लुई डेलोरिए व सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या विद्यार्थ्यांनी गटात प्रश्न सोडवले ते चाचणीत जास्त शिकलेले आढळले. पण आपण किती शिकलो असे विचारल्यावर त्यांनी, छान व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा, कमी शिकलो असे सांगितले. अडखळत शिकताना शिकल्यासारखे वाटत नाही. नवी पद्धत वापरणाऱ्या अध्यापकाविरुद्ध पहिली तक्रार म्हणूनच विद्यार्थ्यांकडून येते आणि प्राचार्यांच्या खोलीत पोचते. या प्रसंगाची तयारी कोणत्या कार्यशाळेत करून घेतात?

आणखी एक गोष्ट उघडपणे कोणी बोलत नाही. पुष्कळ महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे तास तासिका तत्त्वावरचे अध्यापक घेतात. त्यांना जेवढे तास तेवढे पैसे. प्रशिक्षणाला गेले तर तास बुडतो आणि पैसेही. पदोन्नती त्यांना नाहीच, तेव्हा प्रमाणपत्राचाही उपयोग नाही. म्हणजे मुलांना सर्वांत जास्त भेटणारा अध्यापक या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर उभा आहे. मुरूडहून किंवा श्रीवर्धनहून मुंबई गाठायची तर अर्धा दिवस मोडतो, ही अडचण ऑनलाइन वर्गांनी दूर केली हे खरे. पण बंद ठेवलेल्या कॅमेऱ्यामागे कोण काय करत आहे हे देवालाच ठाऊक!

वेगळे काही होऊ शकते याचे पुरावे आपल्या देशात आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. प्रशिक्षणात शिक्षकांनी स्वतः प्रयोग करायचे, दर महिन्याला एकत्र भेटून अडचणी मांडायच्या, आणि कोणीतरी शाळेत येऊन तास पाहायचा, अशी ती रचना होती. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक तिथे मदतीला जात. शिकवायला गेलेल्या या मंडळींना खेड्यातल्या मुलांच्या प्रश्नांनी पुन्हा पुस्तकांकडे वळवले. महाविद्यालयीन अध्यापकांचा एवढा चांगला उजळणी वर्ग आमच्या माहितीत दुसरा नाही, आणि त्याचे प्रमाणपत्र कोणाला मिळत नव्हते. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला.

आपल्या राज्यात पुण्याच्या आयसर संस्थेने इंग्लंडमधील शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या साहाय्याने २०१८च्या आसपास महाविद्यालयीन विज्ञान अध्यापकांसाठी संशोधनाधारित अध्यापनाच्या कार्यशाळा घेतल्या. अध्यापकांना कृती करायला लावणे हे त्यांचे बलस्थान. आमची अपेक्षा त्यापुढची आहे. कार्यशाळा संपल्यावर अध्यापकाच्या तासाला जाऊन बसणारे कोणी हवे. तो तपासनीस नसावा. शेजारच्या महाविद्यालयातला सहकारी चालेल. गावातल्या शाळेतला विज्ञान शिक्षक तर उत्तम. शाळेतील शिक्षकाला वर्गात मुलांना बोलते करण्याचा सराव प्राध्यापकापेक्षा जास्त असतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा एकेका तालुक्यात शाळेचे आणि महाविद्यालयाचे शिक्षक महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसले, प्रत्येकाने आपल्या एका फसलेल्या तासाची हकीकत सांगितली, तर त्याला मोठा निधी लागणार नाही. चहा-वड्याचा खर्च येईल. शाळेतली मुले शेवटी याच प्राध्यापकांच्या हाती जातात आणि त्यांच्याकडून पदवी घेतलेल्यांतूनच शाळेला नवे शिक्षक मिळतात. तेव्हा हा विषय ‘वरच्यांचा’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे मध्यंतरी पत्र आले. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन खाडीच्या धक्क्याला सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू बांधला. अमावास्येपासून रोज भरतीच्या सुमारास दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहायची आणि पाणी सर्वांत वर कधी आले ते आलेख काढून ठरवायचे. नवमीनंतर भरती अंधारात जाऊ लागली तेव्हा मुले सकाळच्या भरतीला येऊ लागली. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा यायला हवी होती. वहीत तसे उतरले नाही. अमावास्येनंतरच्या दिवसांत उशीर चाळीस मिनिटांच्या आसपास निघाला, अष्टमीच्या सुमारास तो तासाच्या वर गेला. मुलांना वाटले, आपले घड्याळ चुकले. दोघांनी आकडे सारखे करून द्यायची तयारीही दाखवली. सरांनी ते करू दिले नाही आणि वहीची प्रत आम्हाला पाठवली.

आकडे बरोबर आहेत. भरती एकट्या चंद्राची नसते, सूर्याचीही असते. दोघांची ओढ जुळते तेव्हा उधाण येते आणि रोजचा उशीर कमी होतो, ती काटकोनात येते तेव्हा भांग पडते आणि उशीर वाढतो. तसे आम्ही त्यांना कळवले. त्यांचे उत्तर आले की, समजले, पण मुलांना अजून सांगितलेले नाही. पुढच्या अमावास्येपासून पुन्हा मोजणार आहोत.